मोनोटाइप, नोंद सहावी: शिंदळ माकुडी

मोनोटाइप म्हणजे गुळगुळीत शीटवर शाईने केलेलं चित्र, ज्याची कागदावर एकच छाप निघते. आज पहिल्यांदाच शाई पुसून चित्र काढलं. अख्खी अ‍ॅक्रिलिक शीट रुळाने काळी केली आणि चिंधी, कापसाची काडी, काडेपेटीची काडी वापरत शिंदळ माकुडीचं फूल उजेडात आणलं. इटलीतल्या जिनोव्हाचा चित्रकार जोव्हानी बेनेदेत्तो कास्तिल्योने १६४० च्या दशकात याच रीतीने काम करत होता. वर ओलसर कागद ठेवला आणि लाकडी चमच्याच्या पाठीने घोटला. पाकळ्यांच्या कडा पसरल्या. शाईचा थर जाड झाला होता. पुढच्या वेळी रूळ आधी रद्दीवर फिरवून घेणार.

शेजारचे काका पूर्वी छापखान्यात जुळारी, म्हणजे छपाईसाठी अक्षरं जुळवणारे, होते. "मोनोटाइप करतेय" म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. "ते यंत्र कुठे मिळालं तुला?" त्यांच्या लेखी मोनोटाइप म्हणजे टॉलबर्ट लॅन्स्टनचं खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) ओतणारं यंत्र, १८८७ च्या पेटंटचं. कळफलकावर मजकूर टंकला की कागदी फितीला भोकं पडतात. ती फीत दुसऱ्या यंत्रात घातली की शिसं, कथील आणि अँटिमनीच्या रसातून एकेक अक्षर सुटं ओतलं जातं. लायनोटाइप हे दुसरं यंत्र अख्खी ओळ एकसंध ओतायचं. त्यामुळे चूक सापडली तर लायनोवर ओळच नव्याने ओतावी लागे, मोनोवर चिमट्याने तेवढा खिळा बदलला की झालं. हे सांगताना काकांची बोटं हवेत खिळा उचलत होती. फार छान वाटलं बघायला.

आणि मी काढत होते ती शिंदळ माकुडी, शिवनेरीच्या कड्यावर वाढणारी, तिलाही हाच शब्द चिकटलेला! शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून दिलेलं. फ्रेरिया ही मोनोटिपिक प्रजाती, म्हणजे तिच्यात जाती एकच. (प्रजाती म्हणजे जीनस, जाती म्हणजे स्पीशीज. बातम्यांमध्ये दोन्हींची सर्रास अदलाबदल होते, ती मला खटकते.) अलीकडे काही अभ्यासक या वनस्पतीला बूसेरोसिया प्रजातीत घालतात. ते मान्य केलं तर ती मोनोटिपिक उरत नाही. फूल मात्र तेच, गर्द तांबडी पाच टोकांची चांदणी, वर पिवळे ठिपके.

तिन्हीकडे ‘मोनो’ म्हणजे एकच. पण यंत्रात एक अक्षर, वनस्पतिशास्त्रात एक जाती, आणि माझ्या चित्रात एक छाप. शीटवर कोरलेलं काहीच नसतं, शाई कागदावर गेली की चित्र संपलं. शीटवर कायमची रेघ कोरलेली असेल तर त्याला मोनोप्रिंट म्हणायचं, मोनोटाइप नव्हे.

काका म्हणाले, "माझ्यासाठी एक प्रत काढून ठेव." प्रत निघत नाही, हे त्यांना पटेना. उरलेल्या शाईवर दुसरा कागद दाबून फिकट भूतछाप तेवढी मिळाली. अशाच फिकट छापांवर फ्रेंच चित्रकार एडगर देगा पेस्टलने रंगवायचा. वाळली की तिच्यात तांबडा आणि पिवळा भरून काकांना देणार आहे.