आत आपली, वर पानिपतची

सोलापूर, शुक्रवार रात्र

पारा 43 वर, आणि घरात भांडण चादरीवरून. अण्णा म्हणतात शिमल्याला न्यायची, मी म्हणते लॉजवर ब्लँकेट मिळतं, हे ओझं कशाला. "दुसऱ्याचं पांघरूण मी घेत नाही," अण्णा. 36 वर्षं दुसऱ्यांचीच पांघरुणं विणली या माणसानं, पण ते मी बोलले नाही. चादर पिशवीत गेली. नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागावरची, मोराची, त्यांनी स्वतः लूमवरून उतरवलेली.

तिघांचे मिळून 15,000, त्यावर एक रुपया नाही, असं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. पतसंस्थेतल्या पगारात याहून जास्त बसत नाही. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत 2020 पासून बंद, म्हणून आई-अण्णांचंही पूर्ण तिकीट. सगळीकडे स्लीपर. "महाबळेश्वर जवळ नव्हतं का?" असं शेजारच्या काकूंनी विचारलं. काकू, मे महिन्यातला तिथल्या खोलीचा भाव ऐकून मी फोन ठेवला होता. शिमल्यात मॉल रोड सोडून खालच्या अंगाला, आणि शनिवार-रविवार टाळून, 1,200 रुपयांत तिघांची खोली मिळाली.

आईनं कडक भाकरी बांधली आहे, एकवीस. आठवडाभर काही होत नाही तिला. शेंगाचटणीचा डबा वेगळा, आणि त्या डब्याची चावी जणू आईच्या कमरेला.

रविवार, उशिरा, कालक्याच्या गाडीत

कर्नाटक एक्स्प्रेसबद्दल लिहायला फार काही नाही. दौंड, नगर, मनमाड, मग झळा. खिडकीला ओला टॉवेल लावला की दहा मिनिटांत कडकडीत वाळायचा. दिल्लीत बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात पंगतीत बसून जेवलो. आईनं दोनदा डाळ मागितली आणि निघताना भांडी घासायला जाऊन बसली. तिला फुकट खाल्लेलं पचत नाही.

रात्री जुन्या दिल्लीहून कालक्याची गाडी. मी वरच्या बर्थवर. दीड-दोन तासांनी एक स्टेशन आलं, अण्णांनी पिवळी पाटी वाचली आणि उठून बसले. पानिपत.

शाळेत शिकलेलं 1761 माझ्या डोक्यात आलं. अण्णांच्या डोक्यात ते नव्हतं. आमच्या घरात 'पानिपत झालं' याचा अर्थ वेगळा आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण तिच्यासारखीच दिसणारी, हलकी, स्वस्त चादर तिकडून येऊन बाजारात 'सोलापुरी' म्हणून खपत राहिली. अण्णांच्या कारखान्यात आधी रात्रपाळी बंद झाली, मग एकेक लूम भंगारात गेला. हे गाव त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचं नाव आमच्या ताटावर रोज निघायचं.

त्या स्टेशनवर एक माणूस चढला, पन्नाशीचा, अंबाल्याला चाललेला. जागा नव्हती. अण्णांनी पाय आखडून घेतले, तो टेकला. त्याच्या बाहीवर कापसासारखं काहीतरी चिकटलं होतं. अण्णांनी ते चिमटीत धरलं, चोळलं आणि त्यांच्या सोलापुरी हिंदीत विचारलं, "ये ऊन है क्या? बहुत आखूड है."

'आखूड' त्याला कळलं नसणार. पण विणणाऱ्याला विणणारा कळला. मग दोघांचं जे सुरू झालं ते अंबाल्यापर्यंत. लूमच्या आवाजानं अण्णांचे कान मंद झालेत, म्हणून ते मोठ्यानं बोलतात; तोही मोठ्यानंच बोलत होता, कारण तेच. खालच्या बर्थवरच्या बाई दोनदा खाकरल्या. मला तुकडे तुकडे ऐकू येत होते. परदेशातून जुने स्वेटर, कोट गाठोड्यांनी येतात. बायका बसून बटणं, चेन काढतात. रंगावारी ढीग लावतात, लाल लालात, निळा निळ्यात, म्हणजे पुन्हा रंगवायला नको. मग मशीनमध्ये फाडून पिंजायचं आणि त्याचाच धागा. त्याच धाग्याचं ब्लँकेट.

"पुराना स्वेटर?" अण्णा. "मतलब किसी का पहना हुआ?"

"और क्या, ताऊ."

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग मजुरी विचारली. आकडा मला ऐकू आला नाही. अण्णा "बस?" एवढंच म्हणाले.

सोमवार, शिमला

छोट्या गाडीचं पहाटेचं तिकीट माणशी शंभराच्या आत. बाकडी लाकडाची नसली तरी तशीच टोचतात. कालका 656 मीटरवर, शिमला स्टेशन 2,076 वर. मधले 96 किलोमीटर गाडी सहा तास वळत राहते. रूळ अडीच फुटी. 1903 साली सुरू झालेली वाट, 102 बोगदे आणि 800 च्या वर पूल. कनोहचा पूल चार मजली कमानींचा आहे, तिथं आख्खा डबा एका बाजूला झुकला.

बोगदा आला की पोरं किंचाळतात. अण्णा खूश. एवढ्या गोंगाटात त्यांना घरच्यासारखं वाटलं असावं. ते आईशी हातवाऱ्यांनी बोलायला लागले, शेडमध्ये बोलत तसे. दोन बोटं फिरवली की पाणी, मूठ वळली की थांब. आईला ते सगळं येतं, हे मला आजच कळलं.

बडोगचा बोगदा, नंबर 33, सगळ्यात लांब, 1,143 मीटर. दोन्हीकडून खणत आले पण मध्ये गाठच पडली नाही, म्हणून बडोग या इंग्रज इंजिनिअर साहेबाला एक रुपया दंड झाला आणि त्यानं अपमानानं जीव दिला, असं तिथं सांगतात. पुढं भलकू नावाच्या डोंगरातल्या माणसानं काठीनं ठोकून ठोकून नवी दिशा दाखवली, असंही सांगतात. शेजारच्या प्रवाशानं हे रंगवून सांगितलं. अण्णांना दंडाचंच पडलं होतं. "एक रुपया? आमच्याकडं एका डागाला पाच कापायचे."

खोली कार्ट रोडच्या खाली, पायऱ्या 94. मोजल्या. आईनं आत गेल्या गेल्या नळ सोडून पाहिला. बादलीवर हिंदीत कागद: पाणी जपून वापरा. "इथं पण?" लॉजच्या मालकीणबाई हसल्या. 2018 च्या उन्हाळ्यात शिमल्याचे नळ आटले होते, लोक टँकरपुढं रात्री रांगा लावत होते. पाणी खालच्या नाल्यांतून पंपानं एवढ्या उंचीवर चढवावं लागतं. आईनं उजनीचं धरण, चार-पाच दिवसांआड सुटणारं पाणी, पहाटेची मोटार, सगळं सांगितलं. दोघींना एकमेकींचं निम्मंच कळत होतं. चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

रात्री थंडी. पलंगावर जाड, गुलाबी फुलांचं ब्लँकेट. अण्णांनी त्याचा कोपरा उलटा केला, एक धागा ओढून नखानं मोकळा केला, दिव्याजवळ धरला. "त्याच्या गावचं हाय."

मी मध्यरात्री उठले तेव्हा त्यांनी चादर अंगाला लपेटली होती आणि वर ते ब्लँकेट. आत आपली, वर पानिपतची. घोरत होते.

मंगळवार

जाखूला चढून गेलो. 108 फुटी मारुती देवदारांच्या वर डोकं काढून उभा आहे. इकडं मारुतीचा वार मंगळवार, त्यामुळं गर्दी. आपला शनिवार, हे आईनं पुजाऱ्याला सांगितलंच. माकडानं अण्णांचा चष्मा पळवला. वीस रुपयांचे फुटाणे दिल्यावर सोडला. फुटाणेवाला आणि माकड यांचं काहीतरी ठरलेलं असावं असा माझा संशय आहे. वहीत नोंद: चष्मा, 20.

संध्याकाळी रिजवर बसून भाकरी-चटणी. मागं पिवळं क्राइस्ट चर्च, पुढं घोडे, आईस्क्रीम, हनिमूनवाले. आपण इथं भाकरी मोडतोय याची मला थोडी लाज वाटत होती. शेजारी बसलेल्या एका पंजाबी काकांनी तुकडा मागून घेतला, चटणीनं डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरा मागितला.

बुधवार

सकाळी व्हाइसरॉयचा वाडा. 1888 चा, आता तिथं अभ्यास संस्था आहे. व्हाइसरॉय आणि आपल्या पुढाऱ्यांची 1945 ची बोलणी झाली तीही इथंच. दगडी, भव्य, बाग सुंदर. आमचं लक्ष मात्र तिकिटातच.

दुपारी लोअर बाजारात एका दुकानात अण्णा थबकले. कुल्लूची स्टोल, साधं अंग आणि काठाला रंगीत चौकटींची नक्षी. दुकानदार 1,800 म्हणाला. अण्णांनी ती उलटी केली, काठावरून नख फिरवलं. "ये मशीन का है. हाथ का दिखाओ."

दुकानदारानं त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग फळीच्या मागून दुसरी काढली. पुन्हा उलटी, पुन्हा नख. या वेळी अण्णांनी मान हलवली. घासाघीस झाली ती दरात नाहीच, तर विणणाऱ्याला यातले किती मिळतात यावर. 1,450 ला आली. "मला कशाला, सोलापुरात?" आई तीनदा म्हणाली. अण्णांना ऐकू येत नाही ही कधी कधी सोयच असते.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कापड विकत घेताना पाहिलं. आमच्याकडं सगळं कारखान्यातलं, डाग पडलेलं, कापून उरलेलं यायचं.

सोलापूर, रविवार

हिशेब 16,120. वहीचं पहिलं पान मी फाडलं नाही, आकड्यावर फक्त रेघ मारली.

काल रात्री पोचलो. आज पाण्याचा दिवस, पहाटे चारला मोटार. दुपारी शेजारच्या काकू शिमल्याचं विचारायला आल्या. 42 अंशात आई स्टोल पांघरून बसली होती, घामानं निथळत. काकूंनी हात लावून म्हटलं, छान आहे हो. अण्णा आतल्या खोलीतून ओरडले, "वरून काय बघायलाव? उलटं करून बघा!"