कंपोटच्या दोन बरण्या

रात्रीचे पावणेअकरा. ओटा अजून पुसायचाय, सिंकमधे बुडाला लागलेलं पातेलं भिजत पडलंय, पण आधी हे लिहून टाकतो, नाहीतर उद्यापर्यंत निम्मं विसरेन आणि परत त्याच चुका करेन.

तर झालं असं की बाबांचे वरचे चार दात गुरुवारी काढले. कवळी बसायला अजून बराच अवकाश आहे, तोवर मऊ खायचं, कोमट खायचं, कडक काही नको. आता बाबांना मुळात ‘मऊ’ या शब्दाचाच राग आहे. तीन दिवस सूप आणि दही, सूप आणि दही, काल रात्री तर वाटी समोर ठेवली तर म्हणाले, "आज कोणतं आहे, पातळ पांढरं की पातळ पिवळं?" आणि गंमत म्हणजे भेटायला येणारा प्रत्येक माणूस सफरचंदं घेऊन येतोय. ज्या माणसाला चावता येत नाही त्याला सफरचंदं! काल मोजली, चौदा भरली. शिवाय पाच पेअर आणि एका पिशवीत प्लम, त्यातले निम्मे असे की बोट लावलं तर आत जाईल. बाबा त्या ढिगाकडे बघून म्हणाले, "प्रदर्शन मांडलंयस का?"

मग रात्री ताईला फोन केला. ती म्हणाली अरे कंपोट कर, त्यात काय आहे, फळं चिरायची, थोडी साखर, थोडं पाणी, शिजवायचं, झालं. हे जे "त्यात काय आहे" म्हणणारे लोक असतात ना, त्यांनी ती गोष्ट शंभर वेळा केलेली असते आणि आपण एकदाही नाही.

नावाबद्दल एक गंमत वाचली ती लिहून ठेवतो. कंपोट हा फ्रेंच शब्द, मुळात लॅटिनमधून आलेला, अर्थ साधारण ‘एकत्र ठेवलेलं’. आणि आपण ज्याला कंपोस्ट म्हणतो, खताचं, ते पण त्याच मुळातून आलंय. म्हणजे ते मऊ पडलेले प्लम दोन्हीकडे जाऊ शकत होते, आणि दोन्हीकडे नाव जवळजवळ तेच राहिलं असतं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "तू करतोयस म्हणजे कुठे जातील ते दिसेलच."

दुपारी पहिला प्रयोग. चार सफरचंदं सोलली, अगदी बारीक चिरली, कारण डोक्यात एकच, बाबांना चावायचं नाहीये. पातेल्यात टाकली आणि वरून दोन मोठे ग्लास पाणी ओतलं. कशाला ओतलं माहीत नाही, भाजी शिजवतो तसं फळं बुडाली पाहिजेत असं वाटलं. इथेच सगळं मुसळ केरात. गॅस मोठा, वर झाकण, आणि मी बाहेर जाऊन बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी आलो तर फोडी कुठेच नाहीत, नुसतं पांढुरकं पाणी आणि त्यात तरंगणारा चोथा. मग ते पाणी आटवायला झाकण काढून अजून वीस मिनिटं रटरटवलं, साखर शेवटी शेवटी घातली तीन चमचे, आणि त्या आटवण्याच्या नादात खाली लागलं. वरचं वरचं वाचवून दुसऱ्या भांड्यात काढलं. रंग मळकट, चव बरी, पण दिसायला भिंतीला लावायची लांबी. बरणीत भरून फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ढकललं, कोणाला दिसायला नको म्हणून.

आणि मग हट्टाला पेटलो. ताईला व्हिडिओ कॉल लावला, फोन डब्याला टेकवून उभा केला आणि म्हटलं, आता तू बघ, मी करतो.

पहिलंच तिने विचारलं, "साखर कधी घातलीस?" म्हटलं शेवटी. "मग गाळच होणार." आणि तिने जे समजावलं ते मला खरंच माहीत नव्हतं. फळाच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिनमुळे, ते त्यांच्यामधलं सिमेंट समजा. उष्णता लागली की ते सिमेंट सुटायला लागतं आणि फोड ढासळते. नुसत्या पाण्यात शिजवलं तर भराभर ढासळते. पण साखर आणि लिंबू आधीपासून असेल तर हे सुटणं मंदावतं, फोड शिजते पण फोडच राहते. म्हणजे साखर नुसती गोडीसाठी नाही, ती फोडीला धरून ठेवते. तुकडे हवे असतील तर साखर आधी, लगदा हवा असेल तर साखर नंतर. एवढी साधी गोष्ट, आणि मी चाळिशी ओलांडेपर्यंत ही माझ्यापर्यंत पोचलीच नव्हती.

तर दुसऱ्यांदा. चार सफरचंदं (वजन केलं, सोलून चिरून पाऊण किलोच्या आसपास), यावेळी जाड फोडी, एकाच्या आठ. चिरल्या चिरल्या वर अर्ध्या लिंबाचा रस, म्हणजे काळ्या पडत नाहीत. वर नव्वद ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ. मीठ कशाला विचारलं तर म्हणाली घाल, विचारू नकोस, फळाची चव वर येते. हे सगळं नीट कालवून अर्धा तास नुसतं ठेवून द्यायचं. पाणी शून्य. मला वाटलं ही विसरली, म्हणून दोनदा विचारलं.

आणि तो अर्धा तास मी अक्षरशः पातेल्यापाशी उभा होतो. आधी साखर नुसती पांढरी चिकटलेली असते, मग पाचेक मिनिटांत फोडी ओल्या दिसायला लागतात, घाम फुटल्यासारख्या, मग साखर दिसेनाशी होते आणि पातेलं तिरकं केलं की तळाला चमचाभर पाणी जमलेलं दिसतं, मग दोन चमचे, आणि अर्ध्या तासाने तर चांगला पाव कप रस. साखर फळातलं पाणी बाहेर ओढते, बस. हे फळाचं स्वतःचं पाणी, याच्यातच ते शिजणार. आणि मी दुपारी दोन ग्लास ओतले होते! त्यामुळेच ते धुतल्यासारखं लागत होतं.

सालं आणि मधला भाग मी केराच्या डब्यात टाकायला निघालो तर फोनमधून ओरडली, थांब! सालीत आणि गाभ्यात पेक्टिन भरपूर असतं. बिया झटकून, सालं आणि गाभे एका स्वच्छ पातळ फडक्यात बांधले आणि ती पुरचुंडी पातेल्यातच ठेवली, शेवटी पिळून काढून टाकायची. रसाला जो दाटपणा येतो तो त्यातून. सफरचंदात मुळातच पेक्टिन चिकार, पेअरमधे, स्ट्रॉबेरीत कमी, म्हणून नुसत्या स्ट्रॉबेरीचं केलं तर पातळ राहतं आणि सोबत एखादं सफरचंद टाकलं की जमतं.

आता गॅस. मंद म्हणजे खरंच मंद, कडेला एखाद-दुसरा बुडबुडा येईल इतपत. दालचिनीचा बोटभर तुकडा. आधी सफरचंद एकटं, झाकण अर्धवट. सगळी फळं एकदम टाकायची नाहीत कारण प्रत्येकाचा वेळ वेगळा, मऊ पडलेला प्लम आणि कडक सफरचंद एकत्र टाकले तर एक विरघळून जाईल आणि दुसरं कच्चं राहील. आठ मिनिटांनी पेअर टाकले, आणखी तीन-चार मिनिटांनी प्लम, बिया काढून अर्धे केलेले, सालीसकट.

प्लम पडल्यावर जे झालं त्याचा मी फोटो काढायला हवा होता. सालीतला रंग सुटायला लागला, आधी नुसत्या लाल रेघा रसात, मग कडेच्या फोडी गुलाबी, मग हळूहळू सगळंच. तो रंग आंबटपणात लालच राहतो, लिंबू आहे म्हणून खुलतो. भांडं मात्र स्टीलचं हवं, अॅल्युमिनियमच्या लेप नसलेल्या भांड्यात आंबट फळं शिजवू नयेत, आंबट आणि तो धातू यांचं जमत नाही, चवही बिघडते. माझं पहिलं पातेलं कुठलं होतं ते मी ताईला सांगितलं नाही.

थांबायचं कधी हा खरा प्रश्न. मला चमच्याने दाबून बघायची सवय, पूर्ण मऊ लागेपर्यंत. ती म्हणाली, सुरीचं टोक फोडीत सहज जातंय पण मधे किंचित अडतंय, तिथेच बंद कर, बाकीचं ते स्वतःच्या गरमीत शिजेल. रस तर अगदी पातळ दिसत होता, म्हटलं अजून दहा मिनिटं आटवतो ना. "हात लावू नकोस." जॅम असतो तर गोष्ट वेगळी, त्याला फळाच्या जवळजवळ बरोबरीने साखर आणि १०४-१०५ अंशांपर्यंत उकळणं लागतं, तेव्हा तो जमतो. कंपोटला तसं जमवायचंच नाहीये. गरम असताना पातळच दिसतं, गार झाल्यावर दाट होतं. पाचच मिनिटांत बंद केलं, पुरचुंडी चिमट्याने पिळून काढली (भाजलं, अंगठ्याला, थोडंसं), आणि तासाभराने बघितलं तर खरंच, चमच्याला धरून राहत होतं, थेंब सावकाश पडत होता.

पण साखर कमी, म्हणजे टिकतही कमी. जॅमसारखं महिनोन्‌महिने कपाटात नाही ठेवता येत. स्वच्छ कोरड्या बरणीत, फ्रिजमधे, पाच-सहा दिवस, आणि दर वेळी कोरडा चमचा. जास्त असेल तर फ्रीझरमधे, दोन-तीन महिने चालतं. या ‘कोरडा चमचा’ प्रकाराला आमच्या घरात पालथ्या घड्यावर पाणी, तो भाग वेगळा.

खरं सांगतो, बरणी उजेडात धरून बघितली तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं. लालसर रस, त्यात गुलाबी कडांच्या फोडी, प्रत्येक वेगळी, दालचिनीचा वास. ताईला बरणी चारी बाजूंनी फिरवून दाखवली. ती म्हणाली, "दुकानातल्यासारखी दिसतेय," जे ती सहसा कशाला म्हणत नाही.

जेवताना बाबांसमोर वाटी ठेवली. कोमट करून, वर एक चमचा घट्ट दही. ते बराच वेळ बघत राहिले. एक फोड उचलली, तोंडात फिरवली, डावीकडे, उजवीकडे, हिरड्यांनी दाबून बघितली. मी समोर बसलेलो, परीक्षेचा निकाल लागायचाय असा. मग चमचा वाटीत ठेवला आणि म्हणाले, "छान झालंय रे." ‘छान झालंय’ म्हणून वाटी पुढे सरकवणारा माणूस म्हणजे काय ते कळतं आपल्याला. वरवरचा रस तेवढा प्यायले. दिवसभर मी फोड कशी टिकेल हे शिकत होतो आणि ज्याच्यासाठी हे चाललेलं त्याला टिकलेली फोडच नको होती, हे माझ्या डोक्यात तेव्हा, म्हणजे वाटी उचलताना आलं. कपाळाला हात.

बरं, काही बोललो नाही. झाकपाक केली, टीव्ही बघितला.

साडेदहाला पाणी प्यायला आत आलो तर स्वयंपाकघरात दिवा नाही, पण फ्रिजचं दार उघडं आणि त्या उजेडात बाबा उभे. हातात मागच्या कोपऱ्यातली ती बरणी, लांबीची. चमचा थेट बरणीत. निम्मी संपवलेली होती.

म्हटलं, "बाबा, ते फसलेलं आहे, खाली लागलंय, ते टाकायचं होतं."

"कुठे लागलंय? मला तर काही लागत नाही." अजून एक चमचा. मग थांबून, जरा विचार करून, "हे कसं केलंस?"

आता काय सांगणार. म्हटलं बारीक चिरायचं, भरपूर पाणी घालायचं, मोठ्या गॅसवर ठेवायचं आणि निघून जायचं.

"उद्या असंच कर. आणि दालचिनी घालू नकोस याच्यात."

म्हणजे उद्या साखर शेवटी, लिंबू नाही, गॅस मात्र मध्यम ठेवतो आणि पाणी अर्धा कप, निदान तळ तरी वाचेल. सफरचंदं सहा उरलीत. मी आपलं विचारलं, मग ती लाल बरणी? एवढी केलीय ती?

बाबांनी झाकण लावलं, बरणी पुढच्या फळीवर ठेवली, दुधाच्या शेजारी, आणि जाता जाता म्हणाले, "ज्यांनी सफरचंदं आणली त्यांना दे. त्यांना दात आहेत."

चमचा ओलाच होता.