पंप कुठे असतो?

कालव्यात बोटी वर-खाली नेणाऱ्या लॉकविषयी बोलायला लागलो की कोणीतरी हमखास विचारतं, "एवढी जड बोट वर चढवायची म्हणजे पंप केवढा लागत असेल?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. साध्या लॉकला पंप नसतोच. पाणी नेहमीसारखं वरून खाली वाहतं, आणि तरीही बोट खालून वर जाते. इतकी वर्षं हा विषय मला सोडवत नाही, तो यासाठीच.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला एक लांबट हौद. खालून आलेली बोट आत शिरते आणि तिच्यामागे खालचं दार लागतं. मग वरच्या दारातल्या किंवा भिंतीतल्या झडपा उघडतात आणि वरचं पाणी हौदात उतरू लागतं. बोट त्यावर तरंगत वर येते. पातळी सारखी झाली की वरचं दार उघडायचं आणि बोट पुढे काढायची. उतरताना हाच क्रम उलटा.

काठावर उभं राहून पाहिलं तर झडप उघडल्यावर पहिला मिनीटभर पाणी चांगलंच उसळतं. बोट पुढेमागे ओढली जाते, दोर ताणले जातात, म्हणून झडप एकदम पूर्ण उघडत नाहीत. उतरताना धोका वेगळाच. वरच्या दाराखाली दगडी किंवा काँक्रीटचा उंबरा असतो. हौद भरलेला असताना तो पाण्याखाली असतो, पाणी उतरलं की उघडा पडतो. बोटीची मागची बाजू त्यावर राहिली तर नाक पाण्याबरोबर खाली जातं, शेपूट वर अडकतं आणि बोट बुडूही शकते. म्हणून बोट पुढे घ्यायची खूण भिंतीवर रंगवलेली असते.

आता दारांकडे या. एका बाजूला ४ मीटर आणि दुसऱ्या बाजूला १ मीटर पाणी असेल तर दाराच्या दर मीटर रुंदीवर साधारण साडेसात टन जोर येतो. तो जोर अडवायचा कसा? दोन पल्ले सरळ रेषेत न लावता दुपाखी छपरासारखे एकमेकांवर टेकवायचे आणि टोक पाणी येतं त्या दिशेला ठेवायचं. पाण्याचा दाब जितका जास्त, तितके पल्ले एकमेकांवर घट्ट बसतात. ज्याला अडवायचं त्याच्याच जोरावर दार बंद राहतं. दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत ते हाताने हलत नाही, आणि झाली की लांब दांड्याला पाठ लावून एक माणूसही ते सरकवू शकतो. युरोपात याआधी वर उचलायची दारं होती. टेकत्या पल्ल्यांचं श्रेय साधारणपणे लिओनार्दो दा विंचीला देतात. मिलानमध्ये कालव्यांचं काम करताना त्याने काढलेली अशा दारांची रेखाटनं आजही पाहायला मिळतात. त्याच्या सगळ्या यंत्रांत मला हे सर्वांत मोठं वाटतं, कारण पाचशे वर्षांनीही जगभर तेच वापरात आहे.

हौदाची कल्पना मात्र त्याहून कितीतरी जुनी, आणि ती चीनची. तिथल्या महाकालव्यावर पूर्वी बोटी उतरत्या बांधावरून ओढून पलीकडे नेत. सरकारी धान्याच्या बोटी त्यात फुटायच्या, आणि त्या गोंधळात धान्य चोरीला जायचं. सोंग राजवटीतला वाहतूक अधिकारी च्याओ वेइयुए याने इ.स. ९८४ मध्ये हुआयआनजवळ सुमारे ५० पावलांच्या अंतरावर दोन दारं बांधली आणि मधल्या पाण्याची पातळी हवी तशी वरखाली करायची सोय केली. एवढा मोठा शोध धान्यचोरी थांबवण्यासाठी लागला!

पंप नाही म्हणजे सगळं फुकट, असं मात्र नाही. खर्च होतो तो पाण्याचा. ३० मीटर लांब, ५ मीटर रुंद हौद आणि अडीच मीटर चढ धरा. एकदा भरून रिकामा केला की पावणेचार लाख लिटर पाणी खाली गेलं. आत पडाव असो की लहानशी होडी, झडपांतून जाणारं पाणी तेवढंच. नदीवर याची फिकीर नसते, वरून पाणी येतच असतं. पण कालवा टेकडी ओलांडून जाणार असेल तर माथ्यावर पाणी आणायचं कुठून?

फ्रान्समध्ये प्येर-पॉल रिके याने कनाल द्यू मिदी आखला तो या प्रश्नाचं उत्तर हाती आल्यावरच. मोंतान्य न्वारच्या डोंगरातले ओढे त्याने पाटाने नोरूझच्या माथ्यावर आणले आणि साठ्यासाठी सें-फेरेओलचं धरण बांधलं. १६६६ ते १६८१ अशी पंधरा वर्षं ते काम चाललं. लॉकच्या एका भिंतीने मातीच्या दाबाखाली मान टाकल्यावर त्याने हौदांना लंबगोल आकार दिला, म्हणजे कमानीसारख्या वळलेल्या भिंती मागच्या मातीचा भार पेलतील. कालवा पुरा होण्याच्या काही महिने आधी तो गेला. लॉकबद्दल वाचणारे बहुतेक जण त्या सुंदर हौदांचे फोटो पाहतात. मी म्हणेन, डोंगरातले पाट पाहा, खरा कालवा तिथे आहे.

पनामा कालव्यातही हाच हिशेब आहे, फक्त प्रचंड. जहाजं समुद्रापासून सुमारे २६ मीटर उंचीवरच्या गातून नावाच्या तलावात चढतात आणि पलीकडे उतरतात. १९१४ च्या जुन्या लॉकमधून एक जहाज पार झालं की जवळजवळ २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्राला मिळतं. २०१६ च्या नव्या लॉकना प्रत्येक हौदाशेजारी तीन-तीन साठवण टाक्या दिल्या, त्यामुळे साधारण ६० टक्के पाणी पुन्हा वापरता येतं. तरी २०२३ मध्ये पाऊस कमी पडला आणि रोजची जहाजं सुमारे ३६ वरून २४ च्या आसपास आणावी लागली. पनामा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा काही भागही याच तलावातून येतो. आता रिओ इंदिओ नदीवर आणखी एक धरण बांधायची योजना आहे, आणि त्या खोऱ्यात ज्यांची घरं-शेतं बुडणार आहेत ते लोक तिला विरोध करताहेत. पंपाऐवजी कोणी हे पाणी कुठून येतं असं विचारलं, तर मी आधी त्यांच्याबद्दल सांगेन.