तालुक्याच्या बाजारातलं दृष्टी केंद्र

धर्मादाय नेत्र रुग्णालयाच्या विस्ताराचा विषय विश्वस्तांच्या बैठकीत निघाला की चर्चा हमखास इमारतीकडे वळते. आणखी एक मजला, शस्त्रक्रियेची आणखी दोन टेबलं, मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडून काढणारं नवं फेको मशीन. हे सगळं कधी ना कधी लागतंच. पण ज्या आजीला डोळ्यांपुढे धुकं दिसतं आणि जिला घेऊन जायला मुलगा शेतातून मोकळा होत नाही, तिची अडचण रुग्णालय साठ किलोमीटरवर आहे ही असते. जाळं वाढवायचं तर ते खालच्या टोकाकडून वाढवावं, असं आमचं ठाम मत आहे. म्हणून इथे त्या टोकाबद्दलच, म्हणजे बाजाराच्या गावात डोळे तपासून चष्मा देणाऱ्या छोट्या दृष्टी केंद्राबद्दल, जास्त लिहितो आहोत.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा अनुभव याबाबत फार बोलका आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि १९७६ साली भाड्याच्या घरात ११ खाटांनिशी त्यांनी काम सुरू केलं. पुढे गावोगाव तपासणी शिबिरं सुरू झाली. रुग्ण गावात तपासायचे, मोतीबिंदू असलेल्यांना बसने मूळ रुग्णालयात आणायचं. शस्त्रक्रिया, जेवण, राहणं, परतीचा प्रवास सगळं मोफत. शाळेच्या वर्गात टेबलं मांडून शस्त्रक्रिया करण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी सुरक्षित. तरीही १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की, तमिळनाडूत शिबिरांची सोय असलेल्या गावांतही डोळ्यांची तक्रार असणाऱ्यांपैकी ७ टक्क्यांहून कमी लोक शिबिराला गेले होते. न जाण्याची कारणं आपल्याकडच्या कुठल्याही वाडीवर ऐकू येतील तशीच होती: भीती, खर्च, घरची जबाबदारी, ‘आता या वयात कशाला’. शिबिराच्या दिवशी घरात लग्न निघालं की पुढचं वर्षच उजाडतं. रोज उघडं असणारं कायमचं केंद्र हवं, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. आज अरविंदची अशी शंभराहून अधिक दृष्टी केंद्रं आहेत.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने (स्थापना १९८७, संस्थापक डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव) हीच उतरंड लोकसंख्येला बांधून घेतली. ५,००० लोकांमागे घरोघर जाणारा एक कार्यकर्ता, ५०,००० मागे दृष्टी केंद्र, ५ लाखांमागे शस्त्रक्रिया करणारं दुय्यम केंद्र, ५० लाखांमागे मोठं रुग्णालय आणि सगळ्यांच्या वर ५ कोटींसाठी एक संस्था. त्यांचं पहिलं ग्रामीण दुय्यम केंद्र १९९६ मध्ये उभं राहिलं ते मुधोळला, म्हणजे तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, आपल्या नांदेडच्या हद्दीजवळ, घराघरात मराठी ऐकू येते अशा भागात.

५०,००० हा आकडा कागदावर छोटा वाटतो, म्हणून एक हिशेब करून पाहू. त्यातले साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे १०,००० लोक पन्नाशीच्या पुढचे धरा. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात या वयोगटात अंधत्वाचं प्रमाण १.९९ टक्के आढळलं आणि त्यातलं ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे होतं. म्हणजे एका केंद्राच्या हद्दीत सरासरीने सुमारे २०० अंध माणसं आणि त्यांतली १३० च्या आसपास केवळ मोतीबिंदूची. एकाच डोळ्याने दिसत नाही असे लोक यात धरलेलेच नाहीत. आणि चाळिशी लागलेल्यांची संख्या तर हजारोंत जाते. केंद्र चालतं ते बहुतांशी त्यांच्यावर.

आता प्रत्यक्ष केंद्र. जागा आठवडी बाजाराच्या गावात, एसटी थांब्यापासून चालत जाता येईल अशी आणि तळमजल्यावरच घ्यावी. कमी भाड्यासाठी जिना पत्करला की म्हातारी माणसं येणं सोडतात. नंबर तपासायला ६ मीटर सरळ अंतर हवं. नसेल तर ३ मीटरवर आरसा लावून भागतं. खोलीचा एक भाग अंधार करता यायला हवा, नाहीतर रेटिनोस्कोपी (डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढणं) नीट होत नाही. भारनियमन असेल तिथे इन्व्हर्टर पहिल्या दिवसापासून. साहित्यात मराठी अक्षरांचा तक्ता आणि न वाचणाऱ्यांसाठी दिशा दाखवायचा तक्ता, नंबर ठरवायच्या काचांचा ट्रायल सेट आणि फ्रेम, रेटिनोस्कोप, डोळा मोठा करून पाहायचा स्लिट लॅम्प, डोळ्यातला दाब मोजायचं टोनोमीटर, रक्तदाबाचं यंत्र, ग्लुकोमीटर. पैसे जमले की त्यापुढे डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा. मधुमेह्यांसाठी त्याचा उपयोग मोठा आहे.

माणसं दोन पुरतात. एक तपासणी करणारी, दुसरी नोंदणी, समुपदेशन आणि चष्म्यांचं काउंटर सांभाळणारी. एल. व्ही. प्रसाद संस्थेत बारावी झालेल्या स्थानिक मुलामुलींना वर्षभराचं प्रशिक्षण देऊन दृष्टी तंत्रज्ञ तयार करतात. अरविंदमध्ये खेड्यातल्या मुलींना दोन वर्षं शिकवून रुग्णालयाचा कणाच त्यांच्यावर उभा केला आहे. स्थानिक असणं ही अट सैल करू नका. शहरातून पाठवलेला तंत्रज्ञ पहिली चांगली संधी मिळताच जातो, आणि त्याच्यामागे केंद्र दोन-तीन महिने बंद राहिलं की गावाचा विश्वास परत मिळवायला त्याहून जास्त काळ लागतो.

तपासणीचा क्रम ठरलेला असावा आणि रोज तोच असावा. आधी दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी नजर, चष्म्यासह आणि चष्म्याविना. मग बारीक छिद्रातून पाहायला लावून नजर सुधारते का, ते. सुधारली तर बहुधा नंबरचा प्रश्न, नाही सुधारली तर आजार शोधायचा. मग रेटिनोस्कोपी, नंबर, स्लिट लॅम्प, दाब, गरजेप्रमाणे साखर. शेवटी फोटो आणि नोंदी मूळ रुग्णालयातल्या डॉक्टरांकडे आणि त्यांच्याशी व्हिडिओवर बोलणं. हा शेवटचा टप्पा सगळ्यात जास्त कोलमडतो, आणि त्यात इंटरनेटचा दोष थोडाच असतो. रुग्णालयात त्या वेळी त्याच कामावर नेमलेला डॉक्टर नसतो, हे खरं कारण. ‘मोकळं झालं की बघतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरवर दूरची तपासणी चालत नाही. पाच-सहा केंद्रांमागे एक डॉक्टर सकाळपासून खुर्चीवर बसलेला हवा.

आणखी तीन चुका ठिकठिकाणी दिसतात. ऑटोरिफ्रॅक्टोमीटरचा, म्हणजे आपोआप नंबर मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा तसाच चष्म्यात उतरवणं: लहान मुलं त्या यंत्रात पाहताना डोळ्यावर ताण देतात, उणे नंबर वाढून येतो आणि मूल डोकेदुखीचा चष्मा वापरत राहतं. मुलांचा नंबर हा ताण सैल करणारे ड्रॉप टाकूनच काढायचा, त्यासाठी वर पाठवायचं. दुसरी चूक म्हणजे दाब ठीक आला म्हणून काचबिंदू नाही असं ठरवणं. बऱ्याच रुग्णांत दाब मर्यादेत असतानाही डोळ्यामागची नस खराब होत असते, म्हणून नसेचा फोटो डॉक्टरांनी पाहिलाच पाहिजे. तिसरी चष्म्याची दिरंगाई. जवळचे तयार चष्मे +१.०० ते +३.०० पर्यंत काउंटरवरच हवेत, म्हणजे बाई गहू निवडायला त्याच संध्याकाळी बसू शकते. बाकीचे नंबर मूळ रुग्णालयात घडवून तीन-चार दिवसांत यावेत. आठवड्यापलीकडे गेलं की अर्धवट पैसे भरलेले चष्मे कपाटात पडून राहतात.

मोतीबिंदूचा रुग्ण सापडला, पुढे? ‘पिकू द्या, मग काढू’ हा समज अजून पक्का आहे. पूर्वी डोळ्यातलं सगळं नैसर्गिक भिंग एकसंध काढायचे तेव्हा त्याला अर्थ होता. आता अति पिकलेला मोतीबिंदू अवघड जातो आणि कधी डोळ्यातला दाब चढवून नसही घालवतो. हे समजावण्याचं काम समुपदेशकाचं. तिने शस्त्रक्रियेची तारीख, बसची वेळ, सोबत कोण आणि रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या सोबत आणायच्या, एवढं एका कागदावर लिहून द्यावं. नुसतं ‘रुग्णालयात जा’ सांगितलेल्यांतले बरेच जण जात नाहीत.

रुग्णालयाच्या बाजूने अरविंदची पद्धत अनेकांनी उचलली आहे. एका सर्जनला दोन टेबलं. एकावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार. सर्जन फक्त मायक्रोस्कोप दुसऱ्या टेबलाकडे वळवतो. डोळा स्वच्छ करणं, उपकरणं मांडणं ही कामं त्यासाठीच शिकलेल्या परिचारिका करतात. वेग येतो तो या मांडणीतून, हात घाईने चालवून नाही. मोफत आणि पैसे भरणाऱ्या विभागांत तेच डॉक्टर पाळीने काम करतात. फरक खोलीत आणि डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाच्या प्रकारात असतो. भिंग महाग होतं तोवर हे गणित जुळत नव्हतं. १९९२ मध्ये ऑरोलॅब सुरू करून त्यांनी भिंगं स्वतः बनवायला घेतली आणि आयात भिंगांच्या किमतीचा अडसर दूर झाला.

फेको नसेल तर दर्जा कमी, असं मानणाऱ्यांनी पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयातली २००५ साली प्रसिद्ध झालेली चाचणी पाहावी. ४०० डोळ्यांत फेको आणि हाताने केलेली छोट्या छेदाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. सहा आठवड्यांनी चष्म्याविना ६/१८ (चांगल्या नजरेला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगली नजर फेकोत ८१ टक्के आणि दुसऱ्या पद्धतीत ७१ टक्के रुग्णांना मिळाली. योग्य चष्मा लावल्यावर दोन्हीकडे ९८.४ टक्के. याचा सरळ अर्थ असा की बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेनंतर चष्मा दिला नाही तर काम अर्धवट राहतं.

आणि इथेच विस्ताराचा धोका आहे. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी ७.२ टक्के हे मोतीबिंदू शस्त्रक्रियेतल्या गुंतागुंतीमुळे आलेलं होतं. डोळे वाचवायला निघालेल्या कामातून आलेलं अंधत्व! म्हणून शस्त्रक्रियांची संख्या जाहीर करणाऱ्या प्रत्येक संस्थेने निकालही जाहीर करावा. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना निकष साधा आहे: असलेल्या चष्म्यानिशी किमान ८० टक्के डोळ्यांना ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसावं, आणि ६/६० हून वाईट निकाल ५ टक्क्यांवर जाऊ नयेत.

निकाल बिघडतो तो बहुधा भिंगाच्या नंबरपासून. डोळ्याची लांबी मोजणाऱ्या ए-स्कॅनचा प्रोब बुबुळावर दाबला गेला की डोळा प्रत्यक्षाहून आखूड मोजला जातो. १ मिलिमीटरची चूक म्हणजे अडीच ते तीन नंबरची चूक. म्हणून सलग मोजमापं घ्यायची, दोन डोळ्यांत ठळक फरक आला तर दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्यायचं, आणि साठ्यात २० ते २३ नंबरचीच भिंगं ठेवायची नाहीत. जवळचा नंबर नाही म्हणून हाताशी असलेलं भिंग बसवणं कुठल्याही परिस्थितीत चालू देऊ नये.

जंतुसंसर्गाबाबत तर तडजोडीला जागाच नाही. शस्त्रक्रियेआधी अश्रुनलिका तपासणं, ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक डोळ्यात टाकून पुरेसा वेळ थांबणं, प्रत्येक रुग्णाला वेगळा निर्जंतुक संच, उपकरणं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या प्रत्येक फेरीत रासायनिक निर्देशक आणि ठरावीक काळाने जैविक चाचणी. एकाच दिवशी अनेक डोळे गेल्याच्या घटनांत अनेकदा शस्त्रक्रियेत वापरलेल्या सलाइन, निळा रंग किंवा जेल यांची दूषित बाटली सापडते, म्हणून बॅच क्रमांक प्रत्येक केसपेपरवर हवा. अरविंदच्या सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या अभ्यासात शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सोडल्याने गंभीर संसर्गाचं प्रमाण ०.०७ वरून ०.०२ टक्क्यांवर आलं. वरच्या शिस्तीच्या जोडीने हे करायचं, तिच्याऐवजी नाही.

शस्त्रक्रियेनंतरची चार ते सहा आठवड्यांची तपासणी मूळ रुग्णालयात ठेवली की निम्मं गाव येत नाही; दृष्टी केंद्रात ठेवली की येतं. तिथेच नंबर काढायचा, चष्मा द्यायचा आणि नजरेची नोंद त्या सर्जनच्या नावासमोर मूळ रुग्णालयात पाठवायची. जे आले नाहीत त्यांची यादी दर सोमवारी आशाताईंकडे द्यावी. न येणाऱ्यांत दिसत नाही म्हणून घरी बसलेले असतात, आणि त्यांना वगळून काढलेली टक्केवारी नेहमीच चांगली दिसते.