बोट कुठे सोडायचं?

घराच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं : 'सगळं काही दहा मिनिटांवर'. शाळा दहा मिनिटांवर, दवाखाना दहा मिनिटांवर, बागही दहाच मिनिटांवर. ही मिनिटं कोणाची, ते मात्र कोणी लिहीत नाही. पहाटे पाचला रिकाम्या रस्त्यावरून सुटलेल्या गाडीची? की पाठीवर दप्तर, एका बुटाची नाडी सुटलेली आणि वाटेतल्या प्रत्येक मांजराची विचारपूस केल्याशिवाय पाऊल पुढे न टाकणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीची?

मोठं शहर सोडलं तेव्हा मला हा प्रश्न सुचला नव्हता. तिथे आपण 'चालतो' असं काही करतो, हेच मुळी जाणवायचं नाही. घरातून स्टेशन, स्टेशनातून ऑफिस, येताना वाटेत औषधं, वाणसामान, मुलीची चित्रकलेची वही. दिवसाकाठी पाचसहा किलोमीटर सहज व्हायचे. धक्के खात, घाम पुसत, पण पायीच. शहर सोडताना आम्ही गर्दीबद्दल बोललो, आवाजाबद्दल बोललो, हवेबद्दल तर फारच बोललो. पायाखालच्या शहराबद्दल कोणी अक्षर काढलं नाही. चप्पल चावायला लागली की तिच्याबद्दल बोलायचं, नीट बसणारी चप्पल कोणाच्या लक्षात राहते?

मग आम्ही त्या शांत, लहान गावात पहिलं घर घेतलं, भाड्याने. रुंद रस्ते, रांगेत लावलेली झाडं, सभोवती भिंत, भिंतीला एकच फाटक. गच्चीवर उभं राहिलं की मुलीच्या शाळेची घंटा ऐकू यायची. कावळ्याला ती शाळा तीनशे मीटरवर होती. आम्हाला मात्र उलट्या दिशेच्या फाटकातून बाहेर पडून, अख्ख्या वसाहतीला वळसा घालून, फुटपाथ नसलेल्या हमरस्त्याने दीड किलोमीटर जावं लागायचं. याहून स्वच्छ द्राविडी प्राणायाम मी पाहिलेला नाही. त्या भिंतीत एक दार असतं, तर मी हा लेख लिहिला नसता.

मग सगळं गाडीने. शाळा गाडीने, दोन पेन्सिली आणायला गाडी, आणि, हे सांगायला लाज वाटते, 'चालायला' म्हणून नदीकाठी जायलाही गाडी. माझा पट्टा दोन भोकं पुढे सरकला. पण खरा फटका बसला आईला. मोठ्या शहरात ती बँकेत, वाचनालयात, मैत्रिणींकडे एकटी जायची. कुठे गेली होतीस असं विचारलेलं तिला आवडायचं नाही. इथे एका सकाळी तिने सहज विचारलं, "कोणी बाहेर निघतंय का?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिन्याभरात ते तिचं रोजचं वाक्य झालं. गाडीची किल्ली वाजली की ती खोलीतून डोकावायची.

त्या वाक्यानंतर दुसरं घर शोधायचं ठरलं. बायकोने अट घातली : या वेळी जागा गाडीतून बघायची नाही. गाडी लांब उभी करायची आणि चौघांनी चालत जायचं. घराचा मालक किंवा दलाल 'चला, मीच गाडीतून दाखवतो' म्हणाला की नम्रपणे नाही म्हणायचं. बरेच जण दुखावले. एकाला आम्हाला घर घ्यायचंच नाहीये असं वाटलं.

पहिल्या रविवारी तीन वस्त्या पालथ्या घातल्या. घरी आल्यावर लक्षात आलं, माझ्या डाव्या हाताची पकड दुखते आहे. दिवसभर मी मुलीला धरून होतो, पण सगळीकडे सारखं नाही. मोठ्या चौकात तिचं मनगट धरलं होतं, चोराला धरावं तसं. त्याहून बऱ्या रस्त्यावर हात. एका गल्लीत नुसतं बोट, तेही तिने माझं धरलेलं. आणि एके ठिकाणी, शेदीडशे पावलंच असतील, ती पुढे धावत होती आणि माझे दोन्ही हात खिशात होते. मनगट, हात, बोट, मोकळं. वस्ती मोजायचं माप माझ्या खांद्याला लटकत होतं आणि मी नकाशे चाळत बसलो होतो.

तेव्हापासून प्रत्येक रस्त्यावर मी स्वतःची पकड बघू लागलो. रस्त्याची रुंदी, झाडं, रंगवलेले पट्टे यांना ती फारशी भीक घालत नाही. गाड्यांचा वेग तिला बरोबर कळतो. ताशी तीस किलोमीटरचे पन्नास झाले, तर धडकेची ताकद जवळजवळ पावणेतिप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. शाळेत हे गणित सोडवलं होतं. ते हाताला पाठ असेल असं वाटलं नव्हतं. दुसरी गोष्ट म्हणजे कोपरे. ऐसपैस गोलाई दिलेल्या कोपऱ्यावर गाडी वेग न कमी करता वळते, काटकोनी कोपऱ्यावर तिला दबकत वळावंच लागतं. आणि कडेला लावलेल्या गाड्या. पाच वर्षांचं मूल असतं एक मीटर दहा सेंटिमीटर. दोन उंच गाड्यांच्या मधून ते रस्त्यावर येतं तेव्हा कोणालाच दिसलेलं नसतं.

डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड या नगररचनाकाराने १९६०च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोमधले तीन निवासी रस्ते अभ्यासले होते. एकावरून दिवसाला सुमारे २,००० गाड्या जायच्या, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावर राहणारे सरासरी ३ मित्र होते. जास्त रहदारीच्या रस्त्यावर ०.९. हा ०.९ मित्र मला ओळखीचा वाटतो. आमच्या पहिल्या घराच्या शेजारी तो राहायचा, काच खाली न करता गाडीतून हात हलवायचा. अ‍ॅपलयार्डने लोकांना 'तुमचं घर कुठपर्यंत आहे' तेही विचारलं होतं. शांत रस्त्यावरच्यांनी समोरचा रस्ताही आपल्यात धरला, गजबजलेल्या रस्त्यावरचे घरात मागे सरकले होते. हाच माणूस १९८२ साली अथेन्समध्ये भरधाव गाडीच्या धडकेत गेला.

नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात चारशेहून जास्त मुलं रस्त्यावर दगावली, तेव्हा तिथले आईबाप चिडून रस्त्यावर उतरले. त्याआधीच डेल्फ्ट शहरात रस्त्याचा सरळ पट्टा मोडून मध्ये झाडं, बाकं, वळणं आणायचे प्रयोग सुरू झाले होते. १९७६ साली त्याला कायद्याने जागा मिळाली. अशा रस्त्याला तिकडे 'वूनर्फ' म्हणतात, म्हणजे राहायचं अंगण. तिथे गाडीने माणसाच्या चालीने जायचं. मला तो शब्द फार आवडला. गाडी अंगणात आली की ती आपोआप पाहुणी होते, आणि पाहुण्याने जपूनच पाऊल टाकायचं असतं.

आईचं माप वेगळं होतं. ती बाकं मोजायची. बसायला काही नसेल तर दुकानाची पायरी, पाराचा कठडा, तेही नसेल तर मान नकारार्थी. एका देखण्या वस्तीत पायी जाणाऱ्यांसाठी दिवा होता. अनेक देशांत असे दिवे माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून लावतात. चौदा मीटरचा रस्ता, म्हणजे बारा सेकंद. आई मधल्या दुभाजकापर्यंत पोचली आणि दिवा लाल झाला. तिथे उभी राहून ती मला म्हणाली, "हा तुझ्यासाठी लावलाय रे." ती वस्ती आम्ही तिथेच सोडली. रस्त्याचा दुसरा अर्धा भाग ओलांडला, तो फक्त परत येण्यासाठी.

पॅरिसमधले प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांनी २०१६ साली 'पंधरा मिनिटांचं शहर' ही कल्पना मांडली; रोजच्या गरजेचं सगळं पायी किंवा सायकलवर पंधरा मिनिटांत मिळावं. कल्पना झकासच आहे, पण माझी शंका तीच : मिनिटं कोणाची? आईची पंधरा मिनिटं जेमतेम सातशे मीटर जातात, मुलीची कधीकधी पन्नास. त्यापेक्षा स्पेनमधल्या पोंतेवेद्राचा नकाशा मला आवडतो. या गावाने १९९९पासून मधल्या भागातून गाड्या हळूहळू बाहेर काढल्या, आणि पुढे मेट्रोच्या नकाशासारखाच रंगीत रेघांचा नकाशा छापला. गावात मेट्रो नाही. त्या रेघा म्हणजे पायवाटा आणि दोन स्थानकांमधले आकडे म्हणजे चालायची मिनिटं.

आमच्या पहिल्या वसाहतीचा पूर्वजही मला सापडला. १९२९ साली अमेरिकी नियोजनकार क्लॅरेन्स पेरी यांनी आदर्श शेजाराचा आराखडा मांडला होता : मधोमध शाळा, सगळी घरं तिच्यापासून पायी जाण्याइतकी जवळ, मोठे रस्ते फक्त सीमेवर, म्हणजे मुलांना ते ओलांडावेच लागू नयेत. यातलं नंतरच्यांनी नेमकं काय उचललं? सीमा. शाळा मधोमध ठेवायची राहून गेली, भिंत मात्र चोख बांधली.

शेवटी मिळालेली वस्ती जाहिरातीत शोभणारी नाही. घर आधीच्यापेक्षा एका खोलीने लहान. कपाट जिन्यातून वर जाईना, ते अजून बहिणीकडे आहे. गाडी ठेवायला जागा नाही. ती दोन गल्ल्या पलीकडे उभी असते आणि आठवडा आठवडा तशीच राहते. समोर सुतारकाम चालतं, सकाळी नऊला करवत सुरू होते. पण गल्ल्या अरुंद, वाकड्या आणि एकमेकींना मिळणाऱ्या आहेत. एक बंद असली तर दुसरी आहे. गाड्या येतात, पण वेग घेण्याइतका सरळ रस्ताच त्यांना मिळत नाही. औषधाचं दुकान, वाचनालय, शाळा, सगळ्यांच्या वाटा एकाच कोपऱ्यावरून जातात, आणि त्या कोपऱ्यावर एक बाक आहे. आईने घर बघण्याआधीच बाक पसंत केलं होतं.

खिडक्या रस्त्यावर उघडतात. शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ साली लिहिलं होतं की रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर असलेल्या डोळ्यांमुळे. अगदी खरं आहे. त्या डोळ्यांखाली जीभही असते, हे मला इथे राहायला आल्यावर कळलं. मी परवा किती वाजता घरी आलो हे बायकोला माझ्याआधी तीन जणांनी सांगितलं होतं. पण मुलगी शाळेतून येताना कुठल्या कोपऱ्यावर किती वेळ रेंगाळली, हेही मला त्याच खिडक्यांतून कळतं, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

बोट पहिल्यांदा तिने सोडलं, मी नाही. शाळेच्या अलीकडच्या वळणावर हात झटकला आणि "बाबा, तू आता बाकावर बस" म्हणाली. बसलो. शेजारी आई होतीच, कोणाशी तरी बोलत. मी येऊन बसल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही.

गेल्या आठवड्यात जुन्या शहरातून एक मित्र आला होता. तोही कंटाळलाय, शहर सोडायच्या विचारात आहे. गॅलरीत उभं राहून त्याने विचारलं, "शाळा किती लांब आहे रे?" मी तोंड उघडणार, एवढ्यात आतून मुलगी ओरडली, "जाताना सात मिनिटं. येताना पाऊण तास!"