आमची वाटचाल : हात न पोचणाऱ्या जागांची वही

आमच्या इंटिरियरच्या धंद्यात पितृपंधरवडा म्हणजे सक्तीची सुट्टी. नवीन कामाचा नारळ कोणी फोडत नाही, टोकन देत नाही. ‘घट बसू देत, मग बघू’ एवढंच फोनवर ऐकू येतं. २०१३ सालच्या अशाच रिकाम्या पंधरवड्यात मी कोथरूडच्या एका जुन्या ग्राहकांकडे सहज डोकावले. जुन्या म्हणजे दीड वर्षापूर्वीच्या. आमची फर्मच तेव्हा उणीपुरी दोन वर्षांची होती.

दार उघडंच होतं. हॉलमध्ये कामाच्या मावशी स्टुलावर चढून उभ्या, हातात जुना टूथब्रश आणि साबणाच्या पाण्याचा मग. हॉल आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये मी जाळीचं पार्टिशन केलं होतं. एमडीएफची (म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची), संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर कापलेली, वरून पांढरा पीयू रंग मारलेली, सात फूट बाय चार फुटांची जाळी. तिचा फोटो मी मोठ्या कौतुकाने व्हिजिटिंग कार्डाच्या मागे छापला होता. मावशी तिची एकेक पाकळी घासत होत्या.

मी जवळ गेले. प्रत्येक पाकळीच्या खालच्या कडेवर धूळ बसलेली, आणि स्वयंपाकघर चार पावलांवर असल्यामुळे तिला फोडणीचं तेल लागून तिचा राप झालेला. फडक्याने निघेना म्हणून ब्रश, ब्रशला साबण, आणि साबणाच्या पाण्याने एमडीएफच्या कडा फुगायला लागलेल्या.

काकू आतून आल्या. “अगं, ये ये. बघ तुझी जाळी! वर्षातनं दोनदा काढतो. गणपतीच्या आधी आणि घट बसायच्या आधी. दोघींचा अख्खा दिवस जातो हिच्यात.”

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या हसत होत्या.

मावशींनी मान न वळवता विचारलं, “तुमीच का त्या डिझाइनवाल्या ताई? जाळीचं ऱ्हाऊ द्या. त्या टीव्हीच्या कपाटाला पाय एवढे बुटके कशाला केले? हात जात नाही, झाडू जात नाही, नुसतं झुरळ जातं.”

मी दुसरा ब्रश मागून घेतला. एका चौरस फुटात चोवीस भोकं, म्हणजे पूर्ण जाळीत सहाशे बहात्तर. ड्रॉइंग काढताना संगणकावर एक भोक काढून बाकीची कॉपी केली होती, पाच मिनिटांचं काम. तीन तास घासून आमची निम्मीही झाली नाही. त्या दिवशी धायरीला परत येताना वाटेत एक दोनशे पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं : ‘जाळी. बुटके पाय.’

थोडं मागचं सांगते. मी मूळची साताऱ्याची. पुण्यात इंटिरियरचा डिप्लोमा केला आणि एका आर्किटेक्टच्या ऑफिसात सहा वर्षं ड्रॉइंगं काढली. २०११ साली पीएफचे पैसे आणि गहाण ठेवलेल्या दोन बांगड्या या भांडवलावर धायरीत पत्र्याची शेड भाड्याने घेतली. भागीदार म्हणून आमचे मिस्त्री. ते राजस्थानातले, पाली जिल्ह्यातले, तीन पिढ्यांचं सुतारकाम. मराठी समजतं सगळं, बोलतात हिंदीत. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लाय उधारीवर आणायची ती त्यांच्या शब्दावर. माझ्या शब्दावर तेव्हा कोणी खिळा दिला नसता.

त्यानंतर दर पितृपंधरवड्यात जुन्या ग्राहकांकडे जायचं हा आमचा रिवाजच झाला. घट बसायच्या आधी घराघरांतून कपाटं ओढलेली असतात, पंखे उतरवलेले असतात, आणि डिझाइनवालीच्या चुका उघड्यावर पडलेल्या असतात. याहून चांगली परीक्षा नाही. वहीत भर पडत गेली. फॉल्स सीलिंगच्या कोव्हमध्ये, म्हणजे दिवे लपवायच्या खाचेत, मेलेल्या किड्यांचा खच, दिवा लावला की सावलीत मोजता येतो. स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायाशी बसवलेल्या, पुढे आलेल्या पट्टीच्या माथ्यावर बोटभर रुंद धुळीची रेघ, घरभर. वॉर्डरोब आणि सीलिंग यांच्यामध्ये सोडलेली नऊ इंचांची फट, जिथे लग्नाच्या पत्रिकांपासून फुटक्या फुलदाणीपर्यंत सगळं सापडतं.

मिस्त्रींना मी वही वाचून दाखवली. ते बिडी विझवून म्हणाले, “मॅडम, सीधी बात है. या तो बैठ जाओ, या ठीक से खड़े रहो.” म्हणजे फर्निचर एक तर जमिनीला चिकटून बसवायचं, कडेला फट न ठेवता, नाही तर झाडू आडवा न होता आत जाईल एवढं उचलायचं. मधलं काही नाही. आमच्याकडे आता बेड एक तर जमिनीपर्यंत बॉक्स, नाही तर खाली आठ इंच मोकळे. ज्यांना तो केर काढत गोल फिरणारा रोबो घ्यायचा असतो त्यांचंही त्यात भागतं.

खरी गोम स्वयंपाकघरात. पुण्यात घर घेतलं की माणूस किल्लीच्या आधी ट्रॉल्यांचा विचार करतो. आमच्या पहिल्या कामांत सगळ्या ट्रॉल्या तारेच्या जाळीच्या होत्या, कारण सगळ्यांच्याच तशा असायच्या. कांद्याचं साल, लसणाची पाकळी, डाळीचे चार दाणे तारांमधून खाली पडतात, तिथे कोणाचा हात जात नाही, आणि रात्री झुरळांची पंगत बसते. आता आम्ही बहुतेक ठिकाणी सपाट तळाचे, उचलून सिंकखाली धुता येतील असे ट्रे देतो, ३०४ ग्रेडच्या स्टीलचे. २०२ ग्रेड स्वस्त पडतो, पण मिठाच्या बरणीशेजारी दोन पावसाळे काढले की त्याला तांबेरा चढतो. ट्रॉल्यांखाली चार इंचांचे पाय आणि पुढे क्लिपची पट्टी. पट्टी ओढली की निघते, झाडू मारला की परत बसते. ही पट्टी आम्ही ग्राहकाला नाही, घरातला केर जो काढतो त्याला काढून-लावून दाखवतो.

ओट्यामागच्या टाइल्सवरून तर माझे खूप वाद झाले आहेत. मध्यंतरी चार-चार इंचांच्या नक्षीदार टाइल्सची टूम आली होती. फोटोत सुरेख दिसतात, नाही म्हणत नाही. पण दहा फूट लांब आणि दोन फूट उंच भिंतीच्या पट्ट्याला अशा एकशे ऐंशी टाइल्स लागतात, आणि त्यांच्यामधल्या सांध्यांची लांबी होते १०८ फूट. जपमाळेइतकी! त्या प्रत्येक फुटावर हळद-तेलाचा शिंतोडा. तीच भिंत चार बाय दोन फुटांच्या टाइल्सने केली तर तीन टाइल्स आणि सांधा फक्त चार फूट. हा हिशोब मी कागदावर मांडून देते. तरीही दहातले तीन जण नक्षीच घेतात. घेऊ देत, घर त्यांचं आहे.

ओट्यासाठी मी काळ्या ग्रॅनाइटच्या बाजूची आहे. संगमरवर काय किंवा कडप्पा काय, दोन्ही मुळात चुन्याच्या जातीचे. लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ सांडलं आणि राहिलं की पॉलिश खाऊन पांढुरका डाग पडतो. तो डाग नसतो, दगडच झिजलेला असतो, कितीही घासा. ग्रॅनाइट आमसुलाला दाद देत नाही. पांढऱ्या क्वार्ट्झला, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या दगडाला, आंबटाचं भय नाही, पण हळदीचं आहे. एका ताईंचा पांढरा ओटा पिवळट पडला म्हणून त्यांचा रडवेला फोन आला होता. डाग खिडकीजवळचा होता, आठ-दहा दिवसांच्या उन्हाने बराचसा उडाला. हळद उन्हाला टिकत नाही, हे वाळवणं घालणाऱ्या आपल्या आज्यांना माहीत होतंच. भिंतीजवळच्या डागाला मात्र ऊन मिळालं नाही. तिथे आता मिक्सर ठेवलेला असतो.

हँडल नसलेल्या ड्रॉवरचंही तेच. आडव्या खाचेत बोटं घालून ओढायचे ते ड्रॉवर. कणीक मळून झाली की त्या खाचेत पिठाची ओळ. आम्ही परत साध्या, दोन स्क्रूंच्या हँडलवर आलो, आणि मला त्याची बिलकुल लाज वाटत नाही.

चुका थांबल्या असं मात्र नाही, नुसत्या बदलल्या. टाइल्सच्या सांध्यांत भरलेलं सिमेंटचं ग्राउट काळं पडतं म्हणून २०१५ साली एका घरात मी बाथरूमभर इपॉक्सी ग्राउट घ्यायला लावलं. कारागीर नवे. इपॉक्सी भरल्यावर टाइलवरचा पातळ थर ओला असतानाच स्पंजने पुसून घ्यावा लागतो. त्यांनी सिमेंटसारखं समजून ‘उद्या घासू’ म्हणून सोडून दिलं. उद्या ते दगड झालं होतं. नव्या कोऱ्या टाइल्सवर दुधाळ पडदा. दोन बाथरूमच्या टाइल्स काढून परत बसवल्या, आमच्या खर्चाने. त्या वर्षीचा नफा त्यातच वाहून गेला, आणि मिस्त्री महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

दुसरी चूक पाण्याची. गडद, मॅट काळ्या टाइल्सवर धूळ दिसत नाही, असं मी ग्राहकांना ठासून सांगायचे. धूळ दिसत नाही हे खरं. पण आमच्या भागात अर्ध्या सोसायट्या बोअर आणि टँकरवर. जड पाण्याचे क्षार काळ्या टाइलवर आणि काळ्या नळावर असे उमटतात की बाथरूमला कोणी रांगोळी काढल्यासारखं वाटावं. आता पहिल्या भेटीत मी घराचा नकाशा मागायच्या आधी विचारते, पाणी कुठलं? बोअरचं असेल तर राखाडी किंवा वाळूच्या रंगाच्या टाइल्स, चकचकीत नळ, आणि फरशीला नहाणीट्रॅपकडे नीट उतार. उतार बादलीभर पाणी ओतून मी स्वतः बघते. भिंतीवर टांगलेला कमोड ज्याला परवडतो त्याला जरूर सांगते, खालून फडकं सरळ फिरतं.

आणि तिसरी चूक अतिउत्साहाची. वही इतकी डोक्यात गेली की २०१६च्या सुमारास आम्ही केलेली घरं एकसारखी गुळगुळीत दिसायला लागली. एका गृहस्थांनी ताबा घेतला, चहा पाजला आणि हळूच म्हणाले, “सगळं छान आहे हो, पण घर आहे की दवाखाना?” त्यांच्या आईची पितळी भांडी मी लॉफ्टवर टाकायला लावली होती. मी ती परत काढून काचेच्या दाराचं कपाट करून दिलं, आणि तेव्हापासून प्रत्येक घरात विचारते, पुसायला लागलं तरी चालेल अशी तुमची वस्तू कोणती? काहीतरी असतंच. एकांकडे एकशे दहा गणपती निघाले.

२०१७ साली जीएसटी आला. आमच्या मालावर आधी अठ्ठावीस टक्के लागले, नोव्हेंबरात ते अठरावर आले. मधले चार महिने कसे काढले ते आमच्या अकाउंटंटला विचारा. पुढच्या वर्षी कर्ज काढून एज बँडिंगचं, म्हणजे प्लायच्या कडेला पट्टी चिकटवायचं, मशीन घेतलं. वहीत सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द होता ‘कडा’. हाताने चिकटवलेली पट्टी ओल्या फडक्याने वर्षभरात उचलायची, मग त्या फटीत पाणी, मग प्लाय फुगणार. मशीनच्या गरम गोंदाने हा प्रश्न जवळजवळ मिटला. हप्ते मात्र चार वर्षं चालले.

गिऱ्हाईक कुठून यायचं? फोटोतून नाही. सांधा नसणं, फट नसणं, कोपऱ्यात जळमट नसणं हे फोटोत येतच नाही. शेजारच्या फर्मच्या जाळ्या आणि रंगीत दिवे येतात. आमची जाहिरात केली ती कोथरूडच्या मावशींनी. त्यांची पाच घरची कामं. त्यांतल्या दोन घरांनी नूतनीकरण काढलं तेव्हा त्यांनी सांगितलं, ‘त्या ताईंना बोलवा, त्या पुसून बघतात.’ पहिल्या कामाचे मी त्यांना दोन हजार देऊ केले. त्यांनी ते घेतले, का नाही घ्यायचे? मग मी त्यांना रविवारी वर्कशॉपवर बोलवायला लागले, व्हिजिटचे पैसे ठरवून. ट्रॉलीचा नमुना उभा केला की त्या खाली बसून फडकं मारून बघतात, डोक्याला काय लागतं, मनगट कुठे अडतं ते सांगतात. मिस्त्री आधी कुरकुरले. आता मावशी आल्याशिवाय पुढचा माल कापत नाहीत.

मग मार्च २०२०. सोसायट्यांनी गेट बंद केली, मावशींना दोन-अडीच महिने कामावर येता येईना. वर्कशॉपलाही कुलूप. पण एप्रिलपासून माझा फोन वाजायला लागला. ज्यांनी ‘पुसायला बाई आहे हो’ म्हणून माझे हिशोबाचे कागद बाजूला सारले होते तेच लोक. एक काका म्हणाले, “तुम्ही त्या स्कर्टिंगबद्दल काय म्हणत होता, परत सांगा.” तेव्हा ते गुडघ्यांवर बसून फोनवर बोलत होते, हे धापेवरून कळत होतं. टाळेबंदी उठल्यावर सहा महिन्यांत जेवढी कामं आली तेवढी आधीच्या दोन वर्षांत मिळाली नव्हती. त्या मोसमात आणखी चार सुतार घेतले, ते अजून आहेत.

वह्या आता तीन झाल्या आहेत. सरकत्या खिडक्यांच्या खाचेतली माती या विषयाची पानं सर्वांत जास्त आणि उत्तर सर्वांत कमी. बाहेर उघडणाऱ्या खिडक्या द्यायला बिल्डर तयार नसतात, आणि अकराव्या मजल्यावर मलाही धीर होत नाही.

गेल्या वर्षी मावशींच्या मुलाने नऱ्ह्यात वन आरके घेतलं. ओटा, एक कपाट, एक दिवाण. ड्रॉइंग घेऊन मी गेले, पाय आठ इंच, कडा मशीनच्या, सगळं त्यांच्याच सांगण्यातलं. त्यांनी कागद उलटसुलट केला आणि म्हणाल्या, “देवघराला जाळी नाही का?”

मी वहीचं पहिलं पान उघडून दाखवलं.

“ठावं आहे. मीच लिवायला लावलं ना. तरी करा.”

“मावशी, पुसणार कोण?”

“मीच की! दुसरं कोण?”

दीड फूट बाय दोन फुटांची जाळी केली. एमडीएफची नाही, पाण्याने न फुगणाऱ्या पीव्हीसी शीटची, चार चुंबकांवर बसणारी. ओढली की सुटते, नळाखाली धरली की झालं. नक्षी त्यांनी निवडली : पाकळ्यांची, कोथरूडसारखीच, फक्त भोकं मोठी. मिस्त्रींनी बिल केलं त्यात शीटचे आणि चुंबकांचे पैसे होते. मजुरीच्या रकान्यात त्यांनी एक आडवी रेघ मारली होती.