सगळी भोकं एकाच दिशेला

पीएचडी करणारा एक मुलगा उघडा लॅपटॉप हातात धरूनच आमच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप विभागात आला. त्याचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, पडद्याला भोक पाडतं का, हे तो तपासत होता. "मॅडम, पेप्टाइड काम करतंय! प्रत्येक लायपोसोमला भोक आहे. एक वर, एक खाली."

स्क्रीनवर तसंच दिसत होतं. लायपोसोम म्हणजे पातळ मेदपडद्याच्या पोकळ गोळ्या, पण इथे झाकण-बूड नसलेल्या डब्यांसारख्या. त्यावर सॉफ्टवेअरनं निळा रंग चढवलेला. (असं रंगवलेलं चित्र कुणी आणलं की मी आधी रंग काढायला सांगते.)

मला खटकली ती दिशा. पाण्यात मोकळ्या तरंगणाऱ्या गोळीला पेप्टाइड कुठूनही चिकटेल. इथे मात्र सगळी भोकं इलेक्ट्रॉन ज्या रेषेत खाली येतात, नेमकी त्याच रेषेत.

टोमोग्राफीत गोठवलेला नमुना थोडाथोडा कलवत फोटो घेतात आणि त्यांतून त्रिमितीय आकार उभा करतात. याच्या नमुन्याचे उणे ६० ते अधिक ६० अंशांपर्यंत, दर ३ अंशांना एक, असे ४१ फोटो होते. त्यापुढे कलवणं परवडत नाही. ६० अंशांवर २०० नॅनोमीटरचा बर्फ इलेक्ट्रॉनच्या वाटेत ४०० चा होतो, ७० अंशांवर जवळपास तिप्पट. शिवाय नमुना धरणारा होल्डर आड येतो. उरलेल्या कोनांतून नमुना कधी दिसतच नाही. त्या कोऱ्या जागेला आम्ही 'मिसिंग वेज' म्हणतो.

पडदा जेमतेम ४-५ नॅनोमीटरचा. इलेक्ट्रॉन त्याच्या लांबीनं गेले तरच त्याची ठळक रेघ उमटते. गोळीच्या बाजूंना हे सहज घडतं. माथा आणि तळ तसे दिसायला नमुना पार ९० अंशांत उभा करावा लागेल. सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीय चित्राचा ठिपका, तिन्ही बाजूंनी सारखाच दाखवतं, आणि खोलीतही तेवढंच बारीक दिसतंय असं बघणाऱ्याला वाटतं.

हे सगळं त्याला सांगत बसण्यापेक्षा मी म्हटलं, "सोन्याचे मणी दाखव." फोटो एकमेकांवर जुळवण्यासाठी नमुन्यात १० नॅनोमीटरचे गोल सुवर्णकण घातलेले असतात. त्यानं उभा काप घेतला. प्रत्येक मणी वर-खाली ताणलेला! ६० अंशांच्या मर्यादेला गणितानं हा ताण सुमारे १.५५ पट येतो.

"सोन्यालाही पेप्टाइड लागलं का रे?"

तो हसला, पण उतरलेल्या चेहऱ्यानं. पेप्टाइड न घातलेल्या नमुन्याचा डेटा त्याच्याकडे पडून होता, अजून न उघडलेला. तो उघडला. तिथेही तीच भोकं.

"नमुना ठेवलेली जाळी आडवीच ९० अंशांनी फिरवून फोटोंची दुसरी मालिका घेतली तर?" त्यानं विचारलं. ताण थोडा कमी होतो, पण माथा-तळ तरीही रिकामेच राहतात, आणि नमुना सोसेल तेवढे इलेक्ट्रॉन दोन मालिकांत वाटावे लागतात. रायबोसोम (पेशीत प्रथिनं बनवणारे कण) असते तर हजारो प्रतींची सरासरी काढता आली असती. त्या एकसारख्या असतात आणि वाटेल तशा पडलेल्या असतात. लायपोसोम एकासारखा दुसरा नसतो.

मी त्याला कॅल्सीनची चाचणी करायला पाठवलं. हा रंग लायपोसोममध्ये दाटीनं भरला की मंद असतो, गळून बाहेर पसरला की चमकतो. पेप्टाइड घातल्यावर चमक वाढली! म्हणजे पडदा गळतोय, यात शंका नाही. आता तो गोळ्यांच्या फक्त कडा तपासतोय, दोन्ही नमुन्यांच्या, आणि रंग न चढवता.